जपानी मशीन, आपलं मनगट

मराठवाड्यात करमाडच्या शेजारी शेंद्र्यात ऑरिक हे औद्योगिक शहर वसतं आहे. ते ज्या दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरचा भाग आहे, त्याची सुरुवात भारत आणि जपान यांच्यातल्या २००६ च्या सामंजस्य करारातून झाली. जपान मात्र या भागात त्याच्या कितीतरी आधी पोचलं होतं, तेही थेट लोकांच्या मनगटावर. फक्त डायलवर बहुतेक वेळा आपलंच नाव असायचं.

ते नाव एचएमटी. साठीच्या दशकात परकीय चलनाची टंचाई होती आणि आयात घड्याळ सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होतं. सरकारी कंपनी हिंदुस्थान मशीन टूल्सने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या तांत्रिक सहकार्यानं बंगळूरला घड्याळांचा कारखाना काढला. पुढे श्रीनगर, तुमकूर आणि उत्तराखंडातल्या राणीबागेत कारखाने झाले. ‘जनता’ हे या सगळ्यातलं सर्वांत लाडकं मॉडेल: सतरा ज्वेल, रोज चावी द्यायची, तारीख नाही, वार नाही, स्वच्छ पांढरी डायल. काही जनतांवर आकडे देवनागरीत असत आणि नावही देवनागरीत. आतल्या मशीनची मूळ आखणी सिटिझनची. आपल्याकडे लग्नात जावयाला सायकल, रेडिओ आणि घड्याळ देण्याचा काळ होता, त्यातलं घड्याळ पुष्कळदा हेच असे. नोकरी लागलेल्या मास्तरच्या, तलाठ्याच्या, एसटी कंडक्टरच्या हातावरही तेच. स्वस्त वस्तू म्हणून त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही. सकाळी चहाच्या आधी चावी द्यायची आणि रेडिओच्या बातम्यांना वेळ लावायची, हा अनेक घरांतला नेम होता.

जपान आपल्याकडे पोचण्याची दुसरी वाट हैदराबादची. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता आणि करमाड स्टेशन आजही मनमाड-सिकंदराबाद मार्गावरच आहे. त्या हैदराबादेतल्या ऑल्विन कंपनीने ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला सिकोच्या तांत्रिक सहकार्यानं घड्याळं काढली. म्हणजे जपानातले दोन मोठे प्रतिस्पर्धी आपल्याकडे दोन सरकारी कंपन्यांच्या नावांनी विकले जात होते.

तिसरी वाट आखातातून आली, आणि ती सिकोच्या स्वतःच्या नावानं. सत्तरच्या दशकात तेलाचा पैसा वाहू लागला तशी कोकणातली, मुंबईतली माणसं दुबई, कुवेत, सौदीला कामाला गेली. सुट्टीवर येताना बॅगेत टेपरेकॉर्डर, कापड आणि हातावर ‘सिको फाइव्ह’. त्यातल्या अनेकांच्या खिडकीत वार इंग्रजीत आणि अरबीत असे. घड्याळ भावाला, मेहुण्याला, कधी विकत घेणाऱ्याला असं हातोहात फिरत आतल्या जिल्ह्यांपर्यंत पोचलं.

या घड्याळावर जरा थांबायला हवं. किंतारो हात्तोरी यांनी १८८१ मध्ये टोकियोत घड्याळांचं दुकान काढलं आणि १८९२ मध्ये सेइकोशा हा कारखाना. त्याच घराण्याच्या कंपनीने १९६३ मध्ये ‘फाइव्ह’ आणलं. पाच गोष्टींची हमी होती: आपोआप चावी, वार-तारीख एकाच खिडकीत, पाण्यापासून संरक्षण, चारच्या आकड्यापाशी केसमध्ये दडलेली चावी, टिकाऊ केस आणि पट्टा. घड्याळ स्वस्तात देता आलं त्यामागे १९५९ चं एक साधं कसब होतं, ज्याला कंपनी ‘मॅजिक लिव्हर’ म्हणते. हात हलला की आतलं अर्धवर्तुळाकार वजन फिरतं. त्या फिरण्यानं दोन बाहूंची एक पट्टी पुढेमागे होते. एक बाहू दातेरी चाकाला ढकलतो, दुसरा ओढतो. वजन डावीकडे फिरो वा उजवीकडे, चाक एकाच दिशेनं जातं आणि स्प्रिंग आवळली जाते. एरवी याच कामाला चाकांची लांब जुळणी लागते. भाग कमी, म्हणून खर्च कमी आणि बिघाडही कमी. मला ही बचत सोन्याच्या केसपेक्षा मोठी कारागिरी वाटते.

१९९६ मध्ये आलेलं याच घराण्यातलं ‘७ एस २६’ मशीन आजही हजारो हातांवर आहे. एकवीस ज्वेल, तासाला २१,६०० ठोके, म्हणजे दिवसाला ५,१८,४०० आणि वर्षाला जवळजवळ एकोणीस कोटी. चावी हातानं देता येत नाही. मनगटावर राहिलं तर चालतं, काढून ठेवलं तर साधारण चाळीस तासांनी थांबतं. दिवसाला वीस सेकंद मागेपुढे झालं तरी ती चूक दहा हजारांत जेमतेम अडीच भागांइतकी असते. क्वार्ट्झ याहून कितीतरी अचूक, आणि तेही सिकोनंच २५ डिसेंबर १९६९ ला बाजारात आणलं. आपल्याकडे टायटनच्या क्वार्ट्झ घड्याळांनी ऐंशीच्या दशकाअखेर बाजार पालटला. एचएमटी सावरली नाही. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. मग जनताची मागणी अचानक वाढली, हे मला अजून बोचतं.

मी सिको फाइव्ह वापरतो, आणि आपल्याकडे ते वापरायचं तर काही गोष्टी माहीत हव्यात. साध्या मॉडेलला पाण्याचे शिंतोडे चालतात, विहिरीत उडी नाही. पंपाची मोटर किंवा मोठा स्पीकर यांना चिकटून ठेवलं तर हेअरस्प्रिंगमध्ये चुंबकत्व शिरतं, तिची वेटोळी एकमेकांना धरतात आणि घड्याळ भलतंच पुढे पळतं. घाबरू नये, चुंबकत्व उतरवायचं यंत्र दुरुस्तीवाल्याकडे असतं, दोन मिनिटांचं काम. रात्री नऊ ते पहाटे चार या वेळात तारीख चावीनं बदलू नये, तेव्हा आतले दाते तारीख फिरवण्याच्या तयारीत असतात.

जुनं घेताना जास्त सावध राहावं. जगभरच्या शौकिनांमध्ये ‘मुंबई स्पेशल’ म्हणून ओळखली जाणारी घड्याळं आपल्याच राज्यातून जातात: जुनं सिको मशीन, पॉलिश मारून कडा बोथट झालेली केस आणि नव्यानं रंगवलेली भडक डायल. केशरी, पोपटी, निळी, जी त्या मॉडेलवर कंपनीनं बहुधा कधी काढलीच नाही. छपाई जाड आणि किंचित वाकडी दिसते. पारख सोपी आहे. मागच्या झाकणावरच्या सिरीयल नंबरातला पहिला आकडा वर्षाचा शेवटचा अंक सांगतो, दुसरा महिना. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबरसाठी ओ, एन, डी ही अक्षरं. नंबर ७५ ने सुरू होत असेल तर महिना मे आणि वर्ष सातानं संपणारं. दशक मशीनवरून ठरतं: या ७५ च्या घड्याळात ७ एस २६ असेल तर ते १९९७ च्या आधीचं असूच शकत नाही. झाकणावरचा मशीन नंबर आणि डायलच्या तळाशी बारीक छापलेला मशीन नंबर जुळला नाही, तर बहुधा दोन घड्याळांचं एक केलं आहे. अशा घड्याळाला मी वाईट म्हणणार नाही. ज्या कारागिरांनी अशी घड्याळं जोडली, त्यांनी भंगारात जाणारी मशीनं चालती ठेवली. पण ती अस्सल म्हणून विकणं ही फसवणूक आहे.

खरी अडचण दुरुस्तीची. पट्टा आणि सेल बदलणारे सगळीकडे मिळतात. मशीन पूर्ण सोडवून, धुऊन, प्रत्येक आसाला मोजून तेल देणारे फार थोडे उरलेत, आणि त्यांतल्या अनेकांची मुलं या धंद्यात नाहीत. सर्व्हिसिंगची मजुरी घड्याळाच्या किमतीशी ताडून लोक नाक मुरडतात. मला ती योग्य वाटते. तास-दोन तास डोळ्याला भिंग लावून बसणाऱ्या माणसाचं काम ते, आणि पुढची चार-पाच वर्षं त्यावर निघतात.

घरात वडिलांचं किंवा आजोबांचं जनता कपाटात पडलं असेल तर ते चालतं का पाहण्यासाठी चावी पिळत बसू नका. वर्षानुवर्षांत तेल वाळून घट्ट झालेलं असतं आणि तशा स्थितीत चाकं फिरली की आस झिजतात. आधी उघडून साफ करून घ्या, तेल घालून घ्या, मग चावी द्या.