लांब लेदर कोट: रुबाब कुणाचा, कातडं कुणाचं?

"लेदरचा लांब कोट घ्यावा का?" रिठदकडच्या पोरांकडून हा प्रश्न मला अधूनमधून येतो. मी चामड्याच्या वस्तूंवर पीएचडी करतो, म्हणून माझ्याकडे हो किंवा नाही असं तयार उत्तर असेल असं त्यांना वाटतं. ते नाही. पण प्रश्नाचे तुकडे पाडून दाखवता येतात, मग निर्णय तुमचा तुम्हाला घेता येईल.

पहिला तुकडा हवेचा. वाशीम जिल्ह्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. गुडघ्याखाली जाणारा चामड्याचा कोट इथे वापरायचा म्हटलं तर डिसेंबर-जानेवारीतले मोजके दिवस. रात्रीची लाईट असते म्हणून हरभऱ्याला पाणी द्यायला जाणारा माणूस जर्किन, मफलर आणि घोंगडी घेऊन जातो, त्याचं भागतं. म्हणजे हा कोट थंडीसाठी नको असतो, रुबाबासाठी हवा असतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त हा रुबाब येतो कुठून, ते बघू.

रुबाबाचा इतिहास

पहिल्या महायुद्धाच्या काळात विमानं उघडी असायची, मोटारींनाही बहुधा टप नसायचा. वारा अडवायला चामड्यासारखं दुसरं काही नव्हतं, म्हणून वैमानिक आणि ड्रायव्हर लांब चामडी कोट घालू लागले. पुढे तो सत्तेचा पोशाख झाला. रशियन क्रांतीनंतरच्या गुप्त पोलिसांची ओळख चामडी जॅकेट ही होती, आणि नाझी अधिकाऱ्याचा लांब काळा कोट सिनेमांनी आपल्या डोक्यात पक्का बसवला. १९७१ च्या 'शाफ्ट' सिनेमात तोच कोट एका कृष्णवर्णीय डिटेक्टिव्हच्या अंगावर आला आणि त्याचा अर्थ फिरला. आता तो दबवणाऱ्याचा राहिला नाही, न दबणाऱ्याचा झाला.

आणि १९९९ चा 'मॅट्रिक्स'? ज्या सिनेमामुळे एका अख्ख्या पिढीला असा कोट हवासा वाटला, त्यातला नायकाचा कोट चामड्याचा नव्हताच. तो लोकरमिश्रित कापडाचा होता, आणि नायिकेचे चकचकीत कपडे पीव्हीसीचे, म्हणजे प्लॅस्टिकचे होते. आपल्याला जे आवडतं ते बरेचदा कातडं नसतंच. कोटाची लांबी, वजन, काळा रंग आणि चालताना होणारी हालचाल आपल्याला आवडते.

एका कोटात किती जनावरं?

चामडं चौरस फुटांवर विकलं जातं. लांब कोटाला अंदाजे पन्नास चौरस फूट लागतं. मेंढीचं एक कातडं साधारण सहा-सात फूट भरतं. म्हणजे मेंढीच्या मऊ चामड्याचा एक कोट म्हणजे सात-आठ मेंढ्या. म्हशीचं कातडं मोठं असतं, तिथे आकडा कमी होतो, पण कोट जड होतो.

यावर नेहमीचं उत्तर असं: "जनावर मांसासाठी कापलं जातं, कातडं तर वाया जाणारंच." हे अर्धं खरं आहे. जनावराच्या एकूण किमतीत कातड्याचा वाटा छोटा असतो. कोटांची मागणी थांबली म्हणून मेंढ्या कापणं थांबणार नाही. पण कातड्याला भाव मिळतो तोवर तो धंद्याच्या हिशोबात धरलेलाच असतो. त्यामुळे "वाया जाणारं" म्हणून हात झटकता येत नाहीत. आपला वाटा लहान आहे इतकंच म्हणता येतं.

आपल्या राज्यात कायद्याची बाजूही आहे. गोहत्येवर १९७६ च्या कायद्याने बंदी आली, २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले. म्हैस त्याबाहेर आहे. पण "जेन्युइन लेदर" एवढंच लिहिलेलं लेबल कातडं कुठल्या जनावराचं, कुठल्या राज्यातलं, यातलं काहीच सांगत नाही.

मग मेलेल्या जनावराचं चामडं?

ज्यांना हत्या नको त्यांना हा मार्ग सोपा वाटतो. तो आपल्याच विदर्भात करून पाहिलेला आहे. १९३० च्या दशकात वर्ध्याजवळ नालवाडीला गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय चालवलं. आपोआप मेलेल्या गुरांचं कातडं कमवायचं, त्याच्या चपला-वस्तू करायच्या. गांधीजींचा या कामाला पाठिंबा होता. जनावर मारायचं नाही आणि गावातली संपत्ती गावात राहील, असा तो विचार.

पण या हिशोबात एक माणूस राहून जातो: मेलेलं जनावर ओढणारा. गावगाड्यात हे काम कुणी आवडीने निवडलेलं नव्हतं, ते जन्माने गळ्यात पडलेलं होतं. ओढायचं महारांनी, कमवायचं ढोरांनी, शिवायचं चांभारांनी. आणि मोटेचं पाणी, बैलाची वादी, पायातली वहाण वापरायची सगळ्या गावाने, तरी विटाळ मात्र यांचाच. १९२७ च्या महाड परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मृत मांस सोडण्याचं आवाहन केलं, आणि अनेक गावांत महारांनी गुरं ओढणंही बंद केलं. त्यावर काहींनी कातडं, शिंगं, हाडं यांचा हिशोब मांडून "तुमचंच नुकसान होतंय" असं सुनावलं. १९५६ च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी त्याची आठवण सांगितली. त्यांच्या उत्तराचा मतितार्थ असा: एवढा फायदा दिसतो तर हे काम तुम्हीच करा.

२०१६ मध्ये गुजरातेतल्या उना इथे मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या दलित तरुणांना मारहाण झाली. जनावर मारलेलं नव्हतं, तरी हिंसा झालीच. चामडं "अहिंसक" आहे का, हे विचारताना फक्त जनावराकडे बघून चालत नाही ते यामुळे.

कमावणं आणि पाणी

कच्चं कातडं सडतं. त्यातल्या कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे पक्के बांधले की ते चामडं होतं. जुनी रीत बाभळीची साल आणि हिरड्याची. तिला कित्येक आठवडे लागतात, चामडं कडक आणि टिकाऊ होतं. कोल्हापुरी चपलेचं असंच. कोटाला लागणारं मऊ, सुळसुळीत चामडं मात्र बहुतेक वेळा क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं असतं. काम एक-दोन दिवसांत होतं, पण सांडपाण्यात क्रोमियम येतं. तमिळनाडूतल्या पालार नदीकाठच्या टॅनरींनी विहिरी आणि शेतजमिनी नासवल्या. १९९६ च्या वेल्लोर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने "प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई द्यायची" हे तत्त्व भारतीय कायद्याचा भाग असल्याचं सांगितलं.

"मग रेक्झीन बरं" असं म्हणण्याआधी थांबा. "व्हीगन लेदर" या नावाने विकलं जाणारं बरंचसं पीयू किंवा पीव्हीसी असतं, म्हणजे प्लॅस्टिकच. जनावर वाचतं, हे खरंच. पण पीयूचा थर आपल्या दमट पावसाळ्यात काही वर्षांत पापुद्रे सोडतो, आणि फेकलेला कोट मातीत मिसळत नाही. चांगलं चामडं नीट जपलं तर वीस-तीस वर्षं जातं.

मग घ्यायचा का?

माझं मत विचाराल तर एक साधा भागाकार करा. कोट वर्षाला पंधरा दिवस घालणार आणि पाच वर्षांत कंटाळणार, असं धरा. सात-आठ मेंढ्यांच्या कातड्याचा वापर झाला फक्त पंचाहत्तर दिवस. चामड्याची चप्पल तुम्ही तेवढे दिवस तीन महिन्यांतच घालता, तीही थोड्याशा चामड्यात. चामडं वापरणं चूक आहे असं मी म्हणत नाही. पण एवढं चामडं कपाटात टांगून ठेवणं मला पटत नाही.

कोट हवाच असेल तर वापरलेला घ्या, म्हणजे नवं कातडं लागत नाही. नवा घेणार असाल तर दुकानदाराला तीन गोष्टी विचारा: जनावर कुठलं, कमावलं कुठे, शिवलं कुणी. आणि फक्त लांबी आणि ऐटच हवी असेल, तर जाड सुती किंवा लोकरी कापडाचा काळा कोट गावातल्या टेलरकडून शिवून घ्या. नायकालाही कापडच पुरलं होतं.