सात हजार वेळा वापरायची पिशवी

‘कापडी पिशवी प्लास्टिकपेक्षा घातक’ असा संदेश मोबाइलवर अधूनमधून फिरतो. त्यातला सात हजारांचा आकडा खोटा नाही. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याच्या २०१८ च्या अहवालात नवी सुती पिशवी ७,१०० वेळा वापरावी, असं खरंच म्हटलंय. पण हा आकडा येतो तो ओझोन थराच्या निकषावरून. हवामानबदलाच्या निकषावर त्याच अहवालात आकडा आहे ५२. आठवड्याला एक बाजार धरला, तर वर्षभरात फिटतो.

शिवाय उघड्यावर पडणाऱ्या पिशव्यांचा हिशेब त्यात नाही, कारण डेन्मार्कमध्ये असा कचरा नगण्य धरला आहे. वसई-विरारमध्ये मात्र झबला पिशवी गटारात जाते, तिथून खाडीत, मग खारफुटीच्या मुळांत अडकते. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले, लोकल थांबल्या. ते खापर एकट्या प्लास्टिकवर फोडणं चूक ठरेल. पाऊस प्रचंड होता, सखल जमिनींवर इमारती उभ्या होत्या. पण तुंबलेलं गटार साचलेलं पाणी लवकर सोडत नाही, हेही तितकंच खरं.

दुकानात मिळणारी रंगीत, कापडासारखी पिशवी कापड नसते, पॉलिप्रॉपिलीन असते. तिचा एक धागा जाळून पाहा: राख होत नाही, वितळून मणी होतो. जाड असेल तर ती बरेच दिवस टिकते. पातळ असेल तर प्लास्टिकच समजा.

‘१२० मायक्रॉनची चालते’ हेही अर्धसत्य. तो केंद्राचा नियम. महाराष्ट्राच्या २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने कॅरीबॅगवर जाडी न पाहता बंदी घातली. पहिल्या गुन्ह्याला दंड ५,००० रुपये. पर्यायही तितकेसे धड नाहीत: कागदी पिशवी ओल्या भाजीने फाटते, आणि ‘कंपोस्टेबल’ पिशवीला कुजायला लागणारी उष्णता नाल्यात मिळत नाही.

मला सर्वांत पटते ती जुन्या सुती साडीची पिशवी. कापूस पिकवायचं पाणी नि खत साडीच्या खाती केव्हाच जमा झालेलं असतं. पिशवीच्या वाट्याला उरते फक्त शिलाई. म्हणून ५२ चा आकडा तिला लावू नये. तो लागतो लग्नात, उद्घाटनात, प्रचारात फुकट वाटलेल्या नव्या पिशव्यांना. दाराआड लटकलेल्या अशा दहा पिशव्या म्हणजे न फिटलेली दहा कर्जं. ओल्या मासळीला मात्र कापड नको, झाकणाचा डबा न्या. पापलेट असो की बोंबील, कोळीण त्यात घालून देते.