आजोबांचा फोनो : असली की जुळवलेला?

काळ्या पेटीतला चावीचा ग्रामोफोन भंगारात जातो आणि पितळी कर्ण्याचा 'अँटिक' दिवाणखान्यात मिरवतो. गंमत अशी की, पुष्कळदा दुसऱ्याच्या पोटात पहिल्याचंच यंत्र असतं!

मंगल पांडेमुळे बराकपूर हे नाव आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. कोलकात्याच्या उत्तरेकडच्या या छावणीच्या नावाने आज एक उपविभाग आहे आणि दमदम त्यातच येतं. दमदम म्हटलं की कुणाला विमानतळ आठवतो, तर कुणाला तिथल्या दारूगोळ्याच्या कारखान्यातून निघालेली ती कुप्रसिद्ध गोळी. मराठी घरांत मात्र दमदम पोहोचलं ते गाण्यांच्या वाटेने. माळ्यावरचा तबकड्यांचा गठ्ठा सोडून बघा, एखाद्या तरी पाकिटावर हे नाव सापडेल. ग्रामोफोन कंपनीचा म्हणजे आपल्या 'कुत्रा छाप' एचएमव्हीचा मोठा कारखाना १९२८ साली तिथे जेसोर रोडवर उभा राहिला.

त्याआधीची कथाही रंजक आहे. १९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गैसबर्ग या कंपनीच्या ध्वनिमुद्रकाने कोलकात्यात गौहरजानचं गाणं मेणाच्या चकतीवर टिपलं. ती चकती बोटीने जर्मनीत हॅनोव्हरला जायची आणि तिथे छापलेल्या तबकड्या पुन्हा बोटीने इकडे यायच्या. गाण्याच्या शेवटी गौहरजान स्वतःचं नाव इंग्रजीत पुकारते, ते तिथल्या कारागिरांना तबकडी कुणाची हे कळावं म्हणून, असं सांगतात. १९०८ मध्ये कोलकात्यातच सियालदहजवळ छपाई सुरू झाली आणि हा समुद्रप्रवास संपला.

चावीचं राज्य

दमदमने चावीच्या यंत्रांना किती काळ खाऊ घातलं, याचा एक मजेशीर पुरावा आहे. इंग्लंडात ७८ फेऱ्यांच्या तबकड्या बंद झाल्यानंतर, १९६० च्या दशकात, बीटल्सची गाणी आपल्याकडे अशा तबकड्यांवर निघत होती. कारण उघड आहे. वीज नसलेल्या गावात चावीचाच फोनो वाजायचा. त्या दमदमी बीटल्ससाठी आज परदेशातले संग्राहक जीव टाकतात.

'फोनो' हा शब्द आपण सरसकट वापरतो, पण मुळात फोनोग्राफ निराळा, ग्रामोफोन निराळा. एडिसनच्या फोनोग्राफवर मेणाची नळकांडी वाजायची, ग्रामोफोनवर तबकडी. कोलकात्याचे हेमेंद्रमोहन बोस (सुगंधी 'कुंतलीन' तेलवाले!) यांनी स्वदेशीच्या दिवसांत रवींद्रनाथांचा आवाज अशा नळकांड्यांवर घेतला होता. पुढे त्यांची मुद्रणं पाथे या फ्रेंच कंपनीच्या तबकड्यांवर आली. पण पाथेची खोबणच वेगळी. आपल्या नेहमीच्या तबकडीत सुई डावी-उजवी हलते, पाथेच्या तबकडीत ती वर-खाली हलते. तिला पोलादी पिनेऐवजी नीलमण्याचा गोलसर खडा लागतो. साध्या फोनोवर ती लावली तर गाणं नाहीच, वर तबकडीची खराबी.

एकशे एक, एकशे दोन

आता घरातल्या पेटीकडे येऊ. बहुतेकांच्या आजोबांकडे असायचा तो हातात धरून नेण्याजोगा, सुटकेसवजा ग्रामोफोन. त्याचा कर्णा बाहेर नसतो, पेटीच्या पोटात वळवून बसवलेला असतो. एचएमव्हीचा १०१ नंबरचा नमुना १९२५ मध्ये आला आणि १९३१ मध्ये त्याची जागा १०२ ने घेतली. तो १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत निघत राहिला.

एवढ्या वर्षांत सगळ्या पेट्या सारख्या कशा असतील? संग्राहकांचा खरा खेळ इथेच सुरू होतो. अगदी सुरुवातीच्या १०१ ला चावी पुढच्या बाजूने द्यायची सोय होती, नंतर तिचं भोक उजव्या अंगाला गेलं. १०१ च्या साउंडबॉक्सवर ४ हा आकडा असतो आणि आत अभ्रकाची चकती असते. सुरुवातीच्या १०२ वर १६ नंबरचा साउंडबॉक्स, पुढे ५ए आणि ५बी. खुद्द १०२ च्या आकड्यामागेही सी, डी अशी अक्षरं बदलत गेली. पेट्या बहुतेक काळ्याच, पण लाल, निळ्या, हिरव्याही निघाल्या आणि अर्थात त्यांचाच भाव जास्त.

हे सारं पोरखेळासारखं वाटेल. मलाही आधी वाटलं होतं. पण याच बारकाव्यांवरून पेटी जशी कारखान्यातून निघाली तशीच आहे, की चार मोडक्या यंत्रांचे अवयव एकत्र केलेत, हे ओळखता येतं. १०१ च्या पेटीवर ५बी चा साउंडबॉक्स दिसला, तर तो नंतर कुणीतरी बसवला आहे. दुरुस्तीसाठी तसं झालं असेल तर त्यात गैर काही नाही, फक्त विकणाऱ्याने ते सांगायला हवं.

पितळी भुलभुलैया

मुंबईच्या चोरबाजारात किंवा कुठल्याही पर्यटनस्थळी चकचकीत पितळी कर्ण्याचे ग्रामोफोन रांगेने मांडलेले दिसतात. बहुतेक नव्याने बनवलेले. नवी लाकडी पेटी, नवा कर्णा, पुढे कोरं करकरीत कुत्र्याचं चित्र आणि आत जुन्या काळ्या पेटीतून उपसलेलं यंत्र. परदेशातल्या जाणकारांनी या मालाला एक शिवीवजा नावच देऊन टाकलं आहे. शोभेची वस्तू म्हणून घेतली तर तक्रार नाही. दुःख याचं की, अशी एक शोभा उभी करायला एक चांगला, वाजणारा १०२ मोडला जातो. रिकामी पेटी, तिच्यातला कर्णा, झाकणाच्या आतलं मूळ चित्र, सगळं कचऱ्यात. आणि तो १०२ येतो कुठून? तुमच्या-आमच्या माळ्यावरून, रद्दीच्या भावाने.

घेताना अष्टकोनी पेटी दिसली की सावध व्हावं. कर्ण्याचा पत्रा पातळ आणि सांधा ओबडधोबड आहे का, साउंडबॉक्सवर नंबर आहे का, हे पाहावं. विक्रेत्याला यंत्र उघडून दाखवायला सांगावं. तो का-कू करू लागला, तर उत्तर मिळालंच.

घरचा फोनो असेल तर चावी जबरदस्तीने पिळू नका. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या स्प्रिंगमधलं ग्रीस सुकून घट्ट झालेलं असतं. ती जाणकाराकडून साफ करून घ्यावी. वाजवून झाल्यावर स्प्रिंग पूर्ण उतरू द्यावी. पेटीला पॉलिश करून मूळ चित्र पुसण्याचा उत्साह आवरावा. पोलादी पीन एका बाजूला एकच वापरायची. तबकडीत मुद्दामच खरखरीत भुकटी मिसळलेली असते. ती पिनेला झिजवून खोबणीच्या मापाची करते. तीच झिजलेली पीन पुन्हा लावली, तर मग ती बालगंधर्वांना झिजवू लागते. आणि एलपी तर या यंत्रावर चुकूनही ठेवू नका, एका फेरीत खरवडून निघते.