ओढ्यातली गारगोटी आणि नदीतलं सोनं

पावसाळा सरला, ओढ्याचं पाणी उतरलं की पात्रात चकाकणारे दगड दिसू लागतात. मुलं खिसे भरून आणतात आणि मग घराघरांत एकच प्रश्न निघतो, "हे काही किमती तर नसेल?" आज त्याच प्रश्नाबद्दल बोलू या.

आपल्या महाराष्ट्राचा बराचसा भाग काळ्या खडकाचा, म्हणजे बेसॉल्टचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थरांवर थर पसरत गेला. तो थंड होताना आतले वायूचे बुडबुडे पोकळ्या होऊन राहिले. पुढं पाण्याबरोबर खनिजं त्या पोकळ्यांत झिरपली आणि थराथरानं साठली. त्यातूनच गारगोटी, स्फटिक आणि पट्ट्यापट्ट्यांचा अकीक तयार झाला. भोवतालचा खडक झिजून माती होतो, पण हे दगड टणक. ते सुटून ओढ्यात येतात. असे सुंदर नमुने बघायचे असतील तर सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात गटाची सहल जरूर काढा.

अकीक ओळखायचा कसा? वरून तो बटाट्यासारखा ओबडधोबड दिसतो. ओला करा, पट्टे उठून दिसतात. उन्हासमोर धरा, पातळ कडेतून उजेड आरपार येतो. त्यानं फुटक्या काचेवर ओरखडा काढा. अकीक आणि गारगोटी काचेला चरा पाडतात. चरा पडला नाही आणि व्हिनेगरचा थेंब टाकल्यावर फेस आला, तर तो कॅल्साइट, म्हणजे चुन्याच्या जातीचा मऊ दगड.

आता सोन्याचं बघू. आपल्या काळ्या खडकात सोन्याच्या शिरा नसतात. सोनं असतं ते त्याहून कितीतरी जुन्या खडकांत, जसं कर्नाटकात कोलार आणि हट्टीला. झारखंडमध्ये सुवर्णरेखा नदीकाठच्या बायका आजही वाळू धुऊन सोन्याचे कण काढतात. हे काम आपल्याकडंही नवं नाही. अनुसूचित जमातींच्या यादीत 'सोनझारी झारेका' हे नाव आहे, ते याच कामावरून आलेलं. आणि सोनाराच्या दुकानातली केरमाती धुऊन सोन्याचे कण काढणारे झारेकरी तर जुन्या माणसांना ठाऊक असतील.

वाळू धुण्याची रीत तुम्हाला शिकवायला नको. आपण तांदूळ रोळतो ना, तेच ते! पाण्यात गोल हलवलं की हलके तांदूळ वर येतात, जड खडे तळाशी बसतात. सोन्याचा कण तेवढ्याच आकाराच्या वाळूच्या कणापेक्षा सातपट जड असतो. म्हणून नदीतही तो प्रवाह मंदावतो तिथं बसतो: वळणाच्या आतल्या बाजूला, मोठ्या धोंड्यामागं, खडकाच्या भेगेत. दिवसभर राबून हाती येतात ते बारीक कण. काही देशांत हे कण गोळा करायला पारा वापरतात. त्याची वाफ मेंदूला आणि पोटातल्या बाळाला घातक असते. पाऱ्याला हात लावू नका.

चकाकतं ते सगळं सोनं नसतं. अभ्रकाचे पापुद्रे सुटतात. पायराइट हातोडीखाली चुरा होतो आणि फरशीच्या खरबरीत पाठीवर त्याची काळपट रेघ उमटते. सोनं मात्र ठोकल्यावर चपटं होतं आणि रेघही पिवळीच देतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. "नदीत सोनं सापडलं, खोदताना हंडा लागला, निम्म्या भावात देतो" असं सांगत कुणी दारात आलं, तर सावध व्हा. परीक्षेला दिलेला एक मणी खरा असतो, पिशवीतले बाकीचे पितळेचे. "कुणाला सांगू नका, पोलिसांचं लफडं होईल" असं म्हटलं की समजायचं, फसवणूक आहे. गटाची बचत असल्या व्यवहारात कधीही घालू नका. सोनं घ्यायचंच तर पक्की पावती आणि हॉलमार्क बघून घ्या. दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा क्रमांक असतो, तो बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो.

छंद म्हणून दगड जमवायला निघालात, तर काही गोष्टी पाळा. एकटीनं जाऊ नका. वर पाऊस दिसला की पात्राबाहेर या. दगडाखाली हात घालण्याआधी काठीनं हलवून बघा, साप-विंचू असतात. घरात दगड फोडू-घासू नका. त्याची धूळ फुप्फुसात बसते. खंबायतच्या अकीक कारागिरांना या धुळीनंच सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. वनक्षेत्रातून आणि अभयारण्यातून काही उचलू नका. पात्रात खोदायचं किंवा दगड विकायचे, तर परवानगी लागते. आधी तलाठ्याकडं चौकशी करा.

कच्च्या गारगोटीला फारसा भाव येत नाही, हे खरं. पण मुलांना घेऊन ओढ्यावर जा, सापडलेल्या दगडांवर गावाचं नाव आणि तारीख लिहून शाळेत मांडा. अंधारात दोन गारगोट्या एकमेकींवर घासून दाखवा. जो उजेड पडतो, तो बघून मुलांचे डोळे कसे चमकतात ते बघा.