वरोऱ्याची भाजी, वरोऱ्याची चादर

आनंदवनात भाजी पिकू लागली, पण वरोऱ्यात तिला गिऱ्हाईक मिळेना. कुष्ठरोग्यांनी पिकवलेलं घरी आणलं तर रोगही घरात येईल, या भीतीने लोक लांब राहत.

बाबा आमटे यांनी 1949 मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली. त्यांनी कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगावरच्या उपचारांचं शिक्षण घेतलं होतं. साधनाताई, दोन लहान मुलं, सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि खिशात 14 रुपये, एवढ्यावर चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर आनंदवनाचा संसार मांडला गेला. भीक घेऊन जगायचं नाही, हे सुरुवातीलाच ठरलं होतं. त्यामुळे बाजारात माल न खपणं म्हणजे साऱ्या विचारालाच खीळ बसणं होतं.

ही कोंडी 1954 मध्ये फुटली. सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनलचे परदेशी स्वयंसेवक इथे बांधकामाला आले. त्यांनी रुग्णांच्या खांद्याला खांदा लावून काम केलं आणि रुग्णांनी पिकवलेलं खाल्लं. ते पाहून वरोऱ्याचाही धीर चेपला.

पुढे भाजीच्या जोडीला हातमागाच्या चादरी, सतरंज्या, फर्निचर, शुभेच्छापत्रं आली. कुष्ठरोगाने बधिर झालेल्या बोटांना चटका किंवा काप कळत नाही, त्यामुळे कोणत्या हाताला कोणतं काम द्यायचं याचा विचार करावा लागतो. अंध, मूकबधिर आणि अपंग माणसंही या कामांत आली. डॉ. विकास आमटे यांच्या पुढाकारातून उभा राहिलेला ‘स्वरानंदवन’ हा वाद्यवृंद तर गावोगावी कार्यक्रम करून संस्थेसाठी निधी जमवतो.

रोजच्या खर्चातून समाजकार्याला पैसा वळवण्याची वाट जगातही आहे. अमेरिकन एक्सप्रेसने 1983 मध्ये कार्डाच्या प्रत्येक वापरामागे एक सेंट बाजूला काढून स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याच्या डागडुजीसाठी सुमारे 17 लाख डॉलर उभे केले. सॅन फ्रान्सिस्कोत 1985 मध्ये सुरू झालेली वर्किंग असेट्स ही कंपनी पुढे दूरध्वनीच्या बिलातला एक टक्का सेवाभावी संस्थांना देऊ लागली. त्या पैशाचं मोल आहेच. पण तिथे वस्तू विकणारा एक आणि मदत घेणारा दुसरा. आनंदवनात ज्याला आधार हवा, तोच माल घडवतो. चादरीच्या किमतीत त्याची मजुरी असते आणि त्या मजुरीत त्याचा मान.

सगळा खर्च विक्रीतून भागत नाही. देणग्याही लागतात.

कारण समितीची काही कामं अशी आहेत की त्यांचं बिल कुणाच्या हाती देता येत नाही. गडचिरोली जिल्ह्यातल्या हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प याच समितीचा. 1973 मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पात डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी माडिया गोंडांसाठी दवाखाना चालवला आणि पुढे शाळाही उभी राहिली. पावसाळ्यात नद्यानाल्यांना पूर आला की हेमलकशाजवळच्या भामरागडचा रस्ता तुटतो. पायपीट करून किंवा खाटेवर येणाऱ्या रुग्णाकडून पैसे काय मागणार?

बहुविध औषधोपचार आल्यापासून कुष्ठरोग पूर्ण बरा होतो आणि आनंदवनातल्या मालाला भिण्याचं कारण तर कधीच नव्हतं. आता या हातमागांची स्पर्धा यंत्रमागाच्या स्वस्त चादरीशी आहे. तिथे दया उपयोगी पडत नाही. वीण घट्ट हवी, रंग टिकायला हवा आणि एकदा चादर नेलेलं गिऱ्हाईक दुसरी न्यायला परत यायला हवं.