आभाळाचा फोटो

शेतकऱ्याला आभाळ वाचावे लागते. अक्षरे शिकण्याच्या आधीपासून आपण ते वाचत आलो आहोत. दुपारी ढग चढले, वारा पडला, उकाडा वाढला, की वळीव येणार हे घरातली म्हातारी माणसे सांगतात. चंद्राला खळे पडले, की पाऊस जवळ आला असेही ती म्हणतात.

या आभाळाचे फोटो काढण्याच्या आता स्पर्धा होतात. विद्यापीठ म्हणजे मोठ्या शिक्षणाची जागा. जेथे हवामानाचे शास्त्र शिकवतात अशी विद्यापीठे व संस्था या स्पर्धा ठेवतात. इंग्लंडात रॉयल मीटिऑरॉलॉजिकल सोसायटी नावाची जुनी संस्था आहे. तिने २०१६ साली अशी स्पर्धा सुरू केली. ढग, वीज, धुके, गारा, इंद्रधनुष्य यांचे फोटो लोक तिकडे पाठवतात.

तुम्ही म्हणाल, ढगाचा फोटो काढून पोट भरते का? ही हौस झाली! हौस तर आहेच. पण तिच्यातून शास्त्राला मोठी मदत होते. ती कशी, ते पाहू.

आधी ढगांना शास्त्रात नीट नावेच नव्हती. एकाने एक म्हणावे, दुसऱ्याने दुसरे. १८०२ साली लंडन शहरात ल्यूक हॉवर्ड नावाच्या गृहस्थाने ढगांची नावे ठरवून मांडली. तो काही हवामान खात्यातला साहेब नव्हता. औषधे तयार करणे हा त्याचा धंदा. पण त्याला आभाळ बघण्याचा नाद होता. केसांच्या बटांसारखे ढग ते एक. कापसाच्या ढिगासारखे ते दुसरे. चादर अंथरल्यासारखे पसरतात ते तिसरे. त्याने दिलेली नावे आजही जगभर चालतात.

नुसत्या नावाने मात्र भागेना. एका देशातला माणूस ज्याला ढीग म्हणतो, तोच दुसऱ्या देशातला माणूस म्हणतो की नाही, हे कळायचे कसे? म्हणून १८९६ साली ढगांचे एक पुस्तक छापले. त्यात चित्रांबरोबर फोटोही घातले. फोटो समोर ठेवला, की वाद मिटतो.

आता नवी गोष्ट ऐका. २००६ साली अमेरिकेत आयोवा राज्यात एका बाईने खिडकीतून एक विचित्र ढग पाहिला. खवळलेला समुद्र खालून बघावा, तसा तो दिसत होता. तिने त्याचा फोटो काढला आणि ढगांची आवड असलेल्या लोकांच्या एका मंडळाकडे पाठवला. मग इतर देशांतूनही तशाच ढगांचे फोटो येऊ लागले. इंग्लंडात रेडिंग या गावी विद्यापीठ आहे. तेथील अभ्यासकांनी हे ढग कुठे व केव्हा दिसले ते पाहिले आणि त्याची हवेच्या मोजमापांशी सांगड घातली. अखेर २३ मार्च २०१७ रोजी जागतिक हवामान संघटनेने ढगांच्या पुस्तकाची नवी आवृत्ती काढली. तिच्यात हा ढग आला. त्याचे नाव ठेवले ॲस्पेरिटास, म्हणजे खडबडीतपणा. एका साध्या बाईचा फोटो, पण तो शास्त्राच्या पुस्तकापर्यंत पोहोचला!

आकाशात फिरणारे उपग्रह ढगांचे फोटो काढतातच की, असे कोणी विचारील. खरे आहे. पण उपग्रहाला ढगाची पाठ दिसते. पोट दिसते ते जमिनीवरच्या माणसाला.

तेव्हा फोटो कामाचा कसा होतो, ते लक्षात ठेवावे. फोटो कुठे काढला, कोणत्या तारखेला, किती वाजता आणि कोणत्या दिशेला तोंड करून, हे लिहून ठेवावे. गार पडली तर तिच्याजवळ एक नाणे ठेवून फोटो घ्यावा. म्हणजे गार केवढी होती, ते बघणाऱ्याला कळते. नुसते ‘लिंबाएवढी’ म्हटले तर कोणाचे लिंबू धरायचे?

फोटो खरा असला पाहिजे, ही तर पहिली अट. आता मोबाइल घरोघरी आहेत. भलत्याच गावच्या पुराचा जुना फोटो फिरतो आणि लोक घाबरून पळतात. ज्या फोटोला गाव नाही, तारीख नाही, तो पुढे पाठवू नये. आपल्याला आता वाचता येते. आधी वाचावे, विचारावे, मग पाठवावे.

शेवटी सर्वांत महत्त्वाचे. विजेचा फोटो काढण्याच्या नादाने जीव धोक्यात घालू नये. ढगांचा गडगडाट कानी आला, म्हणजे वीज आपल्यापर्यंत पोहोचू शकते असे समजावे. आवाज ३ सेकंदांत सुमारे १ किलोमीटर जातो. वीज चमकल्याबरोबर मनात सेकंद मोजा. ३० च्या आत गडगडाट ऐकू आला, तर ती १० किलोमीटरच्या आत पडली. पण मोजण्यासाठी शेतात उभे राहू नका. मोकळे रान सोडा, झाडाखाली थांबू नका, पक्क्या घरात जा. शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास बाहेर पडू नका.

चांगला फोटो काढणारासुद्धा वीज असताना घरातच थांबतो. ढग पुन्हा येतील, फोटो पुन्हा निघेल. माणूस गेला तर परत येत नाही.