अवघड जागेचे दुखणे : वृषणांचे आरोग्य आणि मराठी शब्द

‘अवघड जागेचे दुखणे आणि जावई वैद्य’ या म्हणीत दुखण्याच्या जागेचे नाव कोठेही येत नाही. वैद्य घरचाच आहे, औषधाला तोटा नाही. अडते ते केवळ सांगण्यापाशी. ‘अवघड’ हे विशेषण व्याकरणदृष्ट्या जागेला लागलेले असले, तरी अवघड असतो तो त्या जागेचा उच्चार. पुरुषाच्या वृषणांबाबत हा उच्चाराचा प्रश्न आरोग्याचा प्रश्न होऊन बसतो.

प्राचीन वाङ्मयाला हा संकोच नव्हता. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ‘वृद्धि’ या रोगाचे सात प्रकार दिले असून त्यांत मूत्रवृद्धी आणि आतडे उतरल्याने होणारी अंत्रवृद्धी यांचा भेद केलेला आहे. रामायणाच्या बालकांडात तर गौतमाच्या शापाने वृषण गमावलेल्या इंद्राला मेंढ्याचे वृषण लावल्याची कथा येते, आणि त्यावरून त्याला ‘मेषवृषण’ हे नावही मिळते. मराठीत मात्र शब्दांची वाटणी विलक्षण झाली. संस्कृत ‘अण्ड’ शब्दापासून ‘अंडे’ आणि ‘आंड’ ही दोन्ही रूपे आली. पहिले बाजारात निःसंकोच मागितले जाते, दुसरे गोठ्यात आणि शिवीत उरले. ‘वृषण’ पाठ्यपुस्तकात गेला. ‘गोट्या’ मित्रमंडळीत चालतात, दवाखान्यात नाहीत. गंमत अशी की, बैलाला ‘खच्ची करणे’ हा गोठ्यातलाच वाक्प्रचार ‘खच्चीकरण’ होऊन अग्रलेखांत प्रतिष्ठेने नांदतो. रूपकाला जी मुभा आहे ती मूळ अवयवाला नाही. शिवी आणि शास्त्र यांच्या मधला, चारचौघांसारखा शब्दच उरला नाही. म्हणून रुग्ण ‘खाली दुखते’, ‘त्या जागी सूज आहे’, किंवा नुसते ‘पोटात दुखते’ असे म्हणतो.

यांपैकी शेवटचे वाक्य सर्वांत धोक्याचे आहे. वृषणाला पीळ पडणे हा विकार किशोरवयीन मुलांत विशेष आढळतो. ज्या रज्जूतून वृषणाला रक्त पोचते ती रज्जूच पिळली जाते, एकाएकी तीव्र वेदना सुरू होते आणि पुष्कळदा ओकारीही होते. गर्भावस्थेत वृषण उदरातच तयार होऊन मग खाली उतरतात. त्यांच्या मज्जातंतूंचा उदराशी असलेला संबंध पुढेही राहतो, त्यामुळे ही वेदना खरोखरच ओटीपोटात जाणवू शकते. सुमारे ६ तासांच्या आत शस्त्रक्रियेने पीळ सोडविल्यास वृषण बहुधा वाचतो. त्यानंतर ती आशा झपाट्याने मावळते. ‘पोटात दुखते’ म्हणणारा मुलगा खोटे बोलत नसतो. तो अर्धे बोलतो, आणि घरात ओवा-हिंग देण्यात रात्र सरते.

कर्करोगाची रीत उलट. तेथे बहुधा वेदना नसते, नुसती गाठ असते. हा रोग विरळा आहे, भारतात तर उत्तर युरोपाच्या मानाने फारच विरळा. पण तो मुख्यतः १५ ते ४० या वयात गाठतो. ज्यांचा वृषण जन्मतः खाली उतरलेला नसतो त्यांना त्याचा संभव अधिक. १९७४ साली अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात लॉरेन्स आइनहॉर्न यांनी सिसप्लाटिनची इतर औषधांशी जोड देऊन उपचार आरंभिले, आणि शरीरात पसरलेला रोगही बरा होऊ लागला.

स्वतःची तपासणी करणे कठीण नाही. ऊन पाण्याने स्नान केल्यावर त्वचा सैल पडते. तेव्हा एकेक वृषण अंगठा व बोटे यांमध्ये हलकेच फिरवून पाहावा. तो गुळगुळीत लागतो. मागील बाजूस जाणवणारी मऊ, दोरीसारखी रचना हे अधिवृषण होय. तिला गाठ समजून घाबरू नये. एक वृषण किंचित मोठा किंवा खाली असणे हेही स्वाभाविकच. टणक गाठ, आकारातील बदल किंवा नवा जडपणा मात्र डॉक्टरांना दाखविलाच पाहिजे.

या तपासणीचा अतिरिक्त गौरव करण्याचेही कारण नाही. नियमाने ती केल्यास मृत्यू घटतात असे सिद्ध झालेले नाही, आणि अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने २०११ मध्ये लक्षणे नसलेल्या पुरुषांसाठी तिची शिफारस करू नये असाच निर्णय दिला. रोग विरळा, उपचार गुणकारी, आणि निष्कारण धास्तीचा व चाचण्यांचा उपद्रव, हे त्यामागील कारण. तरीही आपले शरीर एरवी कसे लागते हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच फरक उमगतो. आणि फरक उमगला की तो कोणाला तरी सांगावा लागतो.

स्त्रियांच्या बाबतीत भाषेने ही वाट थोडीफार मोकळी केली आहे. ‘कावळा शिवला’ या आडवळणाच्या जागी ‘पाळी’ हा साधा, घरगुती शब्द रुळला आणि तो शाळेत, दवाखान्यात, वर्तमानपत्रात सारखाच चालतो. पुरुषांसाठी असा शब्द घडेपर्यंत थांबण्याची मात्र गरज नाही. डॉक्टरांनी स्वतःहून ‘पोटातच दुखते की वृषणातही?’ असे विचारले, तर मुलाला तो शब्द उच्चारावा लागत नाही. मान हलविली तरी पुरते.